हिवाळ्यात घराबाहेरचं कौटुंबिक फोटोसेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की पुण्यात कौटुंबिक फोटोंसाठी विचारणा सुरू होते. परदेशातली मुलं-नातवंडं नाताळच्या सुट्टीत घरी येतात, कुणाच्या बाळाची पहिली संक्रांत असते, कुणाच्या आजोबांची पंचाहत्तरी. हे फोटो काढणं हेच माझं काम असल्यामुळे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उत्तरं पुणे आणि आसपासचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. सगळ्यांत मी एकच धोरण पाळते: घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणसाला जे सोसेल त्यावरून वेळ, जागा आणि कपडे ठरवायचे. बाकीच्यांनी त्यांच्याशी जुळवून घ्यायचं.

फोटोसाठी थंडीचेच महिने का निवडायचे?

उन्हाच्या तिरपेपणासाठी. डिसेंबरअखेरीस पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांपर्यंतच वर येतो. मे महिन्याच्या मध्यावर तो थेट डोक्यावर असतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठांवर येते. हिवाळ्यात ऊन बाजूने येतं, चेहरा उजळतो, साडीचा पोत आणि आजीच्या हातावरच्या रेषा दिसतात. शिवाय घाम नाही, त्यामुळे कपडे आणि केस शेवटच्या फोटोपर्यंत नीट राहतात.

सकाळ चांगली की संध्याकाळ?

आधी वेळा पाहू. पुण्यात १ डिसेंबरच्या सुमारास सूर्य पावणेसातनंतर उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. जानेवारीच्या मध्यावर उगवायला सात वाजून दहा मिनिटं होतात आणि मावळायला सव्वासहा. फेब्रुवारीच्या मध्यावर संध्याकाळ आणखी पंधरा-वीस मिनिटांनी लांबते. नागपूरकरांनी पुण्याच्या वेळा धरू नयेत. तिथे डिसेंबरात सूर्य साडेपाचनंतर थोड्याच वेळात मावळतो, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ अर्धा तास आधी.

उत्तम प्रकाश उगवतीनंतरचा आणि मावळतीआधीचा तासभर. त्यातून निवड करताना मी आधी घरातल्या माणसांची यादी विचारते. सत्तरीपुढचं कुणी असेल तर संध्याकाळ. सकाळी सांधे आखडलेले असतात, गार वाऱ्याने दमा उचल खातो, आणि मधुमेहाची गोळी, नाश्ता हे सगळं वेळेवर व्हावं लागतं. त्यांच्यासाठी दुपारी चारला जमून सव्वाचारला सुरू करणं उत्तम. टेकडीच्या पूर्व उताराला मात्र सूर्य मावळण्याच्या बऱ्याच आधी सावली येते, म्हणून अशा ठिकाणी अर्धा तास लवकर या.

अमेरिकेहून नुकतीच आलेली मुलं असतील तर मात्र सकाळ. वेळेच्या फरकामुळे ती पहाटे तीन-चारला टक्क जागी होतात आणि संध्याकाळी पाचला मान टाकतात. पहिल्या चार-पाच दिवसांत उगवतीच्या वेळी ती जेवढी उत्साहात असतात, तेवढी दिवसभरात पुन्हा नसतात.

जागा कोणती निवडू?

सगळ्यात जास्त चर्चा याच प्रश्नावर होते, आणि माझं पहिलं उत्तर कायम एकच असतं: गावी घर असेल तर तिथे चला. ओसरी, पडवी, तुळशीवृंदावन, गोठ्याची भिंत, चुलीजवळच्या खिडकीतून येणारा उजेड. पन्नास वर्षं ज्या पायरीवर आजी बसत आली त्या पायरीवर तिला बसवलं की तिला "हसा" म्हणावं लागत नाही. जुनी घरं विकली जातात, पाडली जातात. फोटोत ती माणसांसकट राहिली तर पुढच्या पिढीला फार मोलाचं काही मिळतं.

शेत असेल तर डिसेंबर-जानेवारी हा भरघोस काळ आहे. उसाला तुरे आलेले असतात आणि मावळतीच्या उन्हात ते मागून पेटल्यासारखे दिसतात. मुलांना सरीत आत पाठवू नका, उसाची पात चेहऱ्याला आणि हाताला चांगलीच कापते. बांधावर उभं राहूनच काम होतं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात उसाजवळ फोटो काढत असाल तर अंधार पडायच्या आत सगळ्यांनी तिथून निघायचंच. बिबट्याचा वावर तिथे खरा आहे आणि लहान मुलं बरोबर असतात. ज्वारी हुरड्यात आली की तेही सुंदर. जानेवारी-फेब्रुवारीत करडईची पिवळी-केशरी फुलं दिसतात, पण तिला काटे असतात, म्हणून तिच्यात बसायचं नाही.

शहरात राहायचं असेल तर एम्प्रेस गार्डनमधली जुनी झाडं मला सगळ्यात आवडतात. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथे पुष्पप्रदर्शन भरतं, ते दिवस टाळा. पाषाण तलाव सकाळी छान, संध्याकाळी डास. आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला जिथे बुचाची झाडं आहेत असा एखादा शांत रस्ता किंवा सोसायटीचं आवार मिळालं, तर दूर कुठे जायची गरजच नाही. लांब दांड्यांची पांढरी फुलं खाली सांडलेली असतात, मुलं आपसूक वेचायला बसतात, दांड्यात दांडा गुंफून वेणी करतात. त्या वेळी मुलांना काहीही सूचना देऊ नयेत.

वेताळ टेकडी, तळजाई इथलं गवत डिसेंबरपर्यंत वाळून सोनेरी होतं. दिसतं अप्रतिम, पण त्यात कुसळं असतात. साडीचा काठ, लोकरीचे मोजे, बाळाच्या झबल्याची किनार, सगळीकडे ती घुसतात आणि टोचून मूल रडायला लागतं. गवतात शिरायचं असेल तर पायात सुती मोजे आणि बूट घाला, लोकर टाळा आणि बारीक दातांचा कंगवा जवळ ठेवा. कुसळं काढायला त्याच्याइतकं सोपं साधन नाही.

कास पठारावर फुलं असतील का? भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पाठीमागे येतील का?

कासचा बहर साधारण ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. डिसेंबरात तिथे वाळलेलं गवत आणि वारा मिळेल. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित येतात हे खरं, पण ते काठापासून लांब असतात आणि होडीतून जावं लागतं. हलत्या होडीत नऊ माणसांचा फोटो जमत नाही. सहल म्हणून जरूर जा, सेशन दुसरीकडे करा.

वाईजवळचा मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा हे देखणं ठिकाण आहे, तिथे आवर्जून जावं. फक्त घाटाच्या दगडी पायऱ्या गुडघेदुखीच्या माणसाला जड जातात. आजी-आजोबांचे फोटो वरच्या बाजूला आधी काढून घ्या, मग बाकीच्यांनी खाली उतरावं.

परवानगी लागते का?

शनिवारवाडा, पाताळेश्वर लेणी, आगाखान पॅलेस, कार्ला-भाजे लेणी ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली ठिकाणं आहेत. हातातल्या कॅमेऱ्याने साधे फोटो काढता येतात, पण तिपाई किंवा लाइट लावायचे असतील तर आधी परवानगी घ्यावी लागते. महापालिकेच्या बागांमध्ये व्यावसायिक छायाचित्रणासाठी उद्यान विभागाला विचारावं. बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, तेव्हा उघडण्याची वेळ पाहूनच बेत ठरवा. खासगी शेतात मालकाला आधी विचारणं आणि निघताना त्याच्या कुटुंबाचाही एक फोटो काढून देणं, ही रीत मी पाळते.

लेणी, किल्ले आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं असतात. उग्र अत्तर लावून जाऊ नका आणि रंगीत धुराच्या नळकांड्या तर अजिबात नकोत. धुराने माश्या उठतात आणि वयस्कर माणसाला पळता येत नाही.

सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घालायचे का?

नको. गणवेशासारखं दिसतं आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा उठत नाही. त्यापेक्षा आजी किंवा आई कोणती साडी नेसणार ते आधी ठरवा आणि तिच्यातले दोन-तीन रंग बाकीच्यांनी वाटून घ्या. समजा सासूबाई गर्द निळं, लाल काठाचं इरकल नेसणार आहेत. मग एकीने काठाचा लाल घ्यावा, कुणी फिकट निळा, मुलांना पांढरट किंवा मातकट. त्यांच्या कपाटातली त्यांना आवडती साडीच नेसू द्या. नवीन कडक साडीत माणूस अवघडून बसतं.

पार्श्वभूमीचाही विचार हवा. वाळलेल्या गवतावर खाकी, मोहरी, मेंदी रंग गवतातच मिसळून जातात, तिथे जांभळा, गर्द निळा, मरून उठून दिसतो. हिरव्या शेतात पोपटी टाळा. चमकदार गुलाबी किंवा निऑन रंगाची झाक शेजारच्याच्या हनुवटीवर पडते आणि ती नंतर काढणं फार कठीण जातं.

थंडी वाजेल, पण फोटोत स्वेटर नको. काय करावं?

आतून ऊब द्या. कुर्त्याखाली थर्मल, साडीखाली परकराच्या आत लेगिंग्ज, लांब बाह्यांचा ब्लाउज. वरून शाल ठेवायची आणि फोटोच्या क्षणी बाजूला करायची. खरं तर शाल फोटोत राहिली तरी काही बिघडत नाही. आजोबांच्या खांद्यावरची शाल आणि आजीने विणलेलं टोपरं हा त्या दिवसांचाच भाग आहे. फक्त झगझगीत जॅकेट आणि शाळेचा स्वेटर गाडीत ठेवा.

घरातली गोधडी जरूर आणा. बसायला चालते, प्लॅस्टिकची खुर्ची झाकायला चालते, आणि मुलं तिच्यात गुरफटली की फोटोला जीव येतो. काळी घोंगडी असेल तर तीही. सकाळच्या सेशनला गोधडीखाली प्लॅस्टिक अंथरा, दवाने गवत चिंब असतं आणि साडीचा घोळ पाच मिनिटांत भिजतो.

संक्रांतीचे काळे कपडे फोटोत कसे येतात?

चांगले येतात, पण दोन गोष्टी पाळाव्या लागतात. काळा रंग उजेड पिऊन घेतो, म्हणून मागे गर्द झाडी नको. पांढरी-पिवळसर भिंत, वाळलेलं गवत, मोकळं आकाश यांच्यासमोर चंद्रकळा काय खुलते ते बघाच. आणि सगळे जण काळ्यात असतील तर माणसं जरा सुटी उभी करा, नाहीतर सगळ्यांचा मिळून एकच काळा ठिपका होतो.

थंडीत डोक्यात कोंडा होतो आणि काळ्या खांद्यावर तो लगेच दिसतो. ओलसर रुमाल जवळ असू द्या.

हलव्याचे दागिने कधी घालायचे?

अगदी शेवटी, बाळ खेळत असताना, ऊन तिरपं असताना. हलव्याच्या प्रत्येक दाण्यावर जो बारीक काटा आलेला असतो तो समोरच्या सपाट उजेडात दिसतच नाही. बाजूने ऊन आलं की दाणा न दाणा वेगळा दिसतो, काट्याची इवलीशी सावलीसुद्धा पडते. कुणीतरी चुलीपुढे तासन्‌तास बसून पाकाचे थर चढवत तो काटा आणलेला असतो, तो फोटोत आलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात आणा. दमट हवेत हलवा चिकट होतो, म्हणून मुंबई-कोकणात जास्त काळजी घ्या. बाळ मुकुटाआधी हाराकडे हात नेतं आणि तो थेट तोंडात जातो, लाळेने साखर विरघळते, दोरा सुटतो. क्रम असा ठेवा: आधी बाजूबंद आणि कमरपट्टा, मग मुकुट, शेवटी हार. दागिन्यांना लावलेली टाचणी, तार, सोनेरी कागदाचा कडा आधी बोटाने चाचपून बघा. दागिने उतरवल्यावर मान ओल्या कापडाने पुसा, मुंग्या लागतात.

बोरन्हाण अंगणात किंवा गच्चीवर केलं तर?

फार छान होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करतात, त्यामुळे सोयीचा दिवस मिळतो. सकाळी नऊ-साडेनऊचं कोवळं ऊन गाठा. पहिली ओंजळ फक्त चुरमुऱ्यांची असू द्या. हलकी असल्याने ती हवेत पसरते, हळू पडते, आणि बाळ घाबरत नाही. बोरं, हरभरे, उसाचे करवे नंतर, खालून आणि हळू. जमलेली बाकीची मुलं क्षणात खाऊ लुटायला धावतात, म्हणून त्यांना आधी सांगून ठेवा: पहिली ओंजळ बाळाची, दुसरीला तुम्ही. दुसऱ्या ओंजळीचा तो गोंधळही मी नेहमी टिपते. फोटो काढणाऱ्याने पाटाच्या उंचीवर, जमिनीवर बसावं.

तान्ह्या बाळाला बाहेर नेणं बरं का?

अगदी लहान बाळासाठी आधी डॉक्टरांना विचारा. नेणार असाल तर वेळ बाळाच्या दिनक्रमावरून ठरवा. मालिश, आंघोळ, धुरी झाली की बाळ गाढ झोपतं. फोटोआधी "छान अंघोळ घालून आणतो" असं ठरवलं, तर फोटोभर ते झोपलेलंच असतं. ती झोप पूर्ण होऊन, दूध पिऊन झाल्यावरचा तास आपला.

बाळ कायम शालीत राहील, उघडं फक्त दोन-दोन मिनिटं. ओठ किंवा हातपाय निळसर दिसले, अंग गार लागलं, की फोटो तिथेच थांबवायचा आणि बाळाला आईच्या अंगाशी घ्यायचं. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे ऐन वेळी कुणी "अजून एकच" म्हणत नाही.

आजी-आजोबांसाठी काय तयारी ठेवू?

हात असलेली खुर्ची, पाणी, औषधं आणि जवळ स्वच्छतागृह. गाडी जिथपर्यंत जाते तिथून शंभर पावलांच्या आत जागा हवी. त्यांचे फोटो सगळ्यात आधी काढून त्यांना बसायला मोकळं करायचं. नातवंडांचे खेळ बघत त्या दोघांचं जे बोलणं चालतं, त्याचे फोटो मी लांबून काढते.

चष्म्याकडे लक्ष द्या. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा थंड हवेत जास्त गडद होतात, आणि अख्ख्या सेशनमध्ये आजोबांचे डोळेच दिसत नाहीत. घरात जुना, साध्या काचांचा चष्मा असतोच, तो आठवणीने घ्या. नसेल तर त्यांचे फोटो ओसरीत, छपराखाली काढू. चष्मा काढून ठेवा असं मात्र सांगू नका. ज्या चेहऱ्याला घर ओळखतं तोच फोटोत हवा.

आणि एक विनंती. दोघांचा एकत्र, आणि मग प्रत्येकाचा एकट्याचा, असे नीट फोटो काढून घ्या. कित्येक घरांत आजीचा एकटीचा चांगला फोटो नसतो, कारण प्रत्येक फोटोत ती कुणाला तरी कडेवर घेऊन किंवा मागे अर्धी झाकलेली असते.

त्वचा फुटते, ओठ उलतात, केस उडतात. उपाय?

खोबरेल तेल आदल्या रात्री लावा. सकाळी लावलं तर उन्हात चेहरा तुपकट चमकतो. सकाळी साधं लोशन, मुलांच्या पोटऱ्या आणि कोपरांनाही, कारण तिथली पांढरट कोरड फोटोत दिसते. ओठांना किंचित साजूक तूप किंवा व्हॅसलीन, टिपून. नाक वाहत असेल तर मऊ सुती रुमाल वापरा, टिश्यूने चोळून नाक लाल होतं. मुलांचे केस आठवडाभर आधी कापा. सिंथेटिक कपडे कोरड्या हवेत अंगाला चिकटतात, सुती किंवा रेशमी बरे.

उन्हामुळे सगळे डोळे बारीक करतात.

सूर्याकडे पाठ करून उभे राहा. जागेमुळे तोंड उन्हाकडेच येत असेल तर सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि तीन म्हटल्यावर उघडायचे.

फोटोनंतर हुरडा पार्टी आहे. क्रम कसा ठेवू?

आधी फोटो, मग आगटी. धुराने डोळे लाल होतात आणि हुरडा चोळून हात काळे. पण कॅमेरा आवरू नका. सूर्य गेल्यावर आगटीभोवती बसलेल्यांच्या चेहऱ्यावर जो तांबूस उजेड पडतो, त्यात दोन-चार फोटो फार सुरेख येतात. त्या वेळी फ्लॅश बंद ठेवा आणि सिल्कच्या साड्या, ओढण्या, मुलं आगटीपासून लांब.

मोबाइलवर काढले तर चालतील?

चालतील. लेन्स सुती कापडाने पुसा, कारण सकाळी गार गाडीतून काढलेल्या फोनवर दव धरतं. मोठ्या गटासाठी वाइड लेन्स वापरू नका, कडेची माणसं रुंद दिसतात. चार पावलं मागे जाऊन मुख्य लेन्सने काढा. पोर्ट्रेट मोड मोकळे केस आणि पदराची कड खातो. तिपाई आणि टायमर वापरला तर घरातला जो नेहमी फोटो काढतो तोही फोटोत येतो.

अवकाळी पाऊस आला, किंवा कुणी आजारी पडलं तर?

ढग असतील तर घाबरू नका, तो मऊ उजेड चेहऱ्यांना चांगला असतो. पाऊस असेल तर ओसरी, व्हरांडा, मोठी खिडकी. लहान मुलाला ताप असेल तर तारीख पुढे ढकला, त्यासाठी मी वेगळे पैसे घेत नाही. परदेशातल्या मंडळींचं परतीचं तिकीट ठरलेलं असतं, म्हणून त्यांनी सेशन सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच ठेवावं, म्हणजे पुढे दुसरी तारीख शिल्लक राहते.

फोटो मिळाल्यावर काय करायचं?

छापून घ्या. पेन ड्राइव्हमधले फोटो आजीला बघता येत नाहीत. किमान एक मोठा, ८ बाय १२ इंचाचा, मॅट कागदावर, खिडकीच्या उन्हात येणार नाही अशा भिंतीवर. मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख, गाव आणि डावीकडून क्रमाने सगळ्यांची नावं लिहा, आणि ती नावं आजीकडून तपासून घ्या.